सबनीस काका नुसतं विचारत असत

आमच्या मंडळाच्या आधार निधीला सबनीस काकांचं नाव द्यावं, असा ठराव गेल्या महिन्यात बैठकीत आला. सगळ्यांचे हात वर गेले. विरोधात कोण, असं अध्यक्षांनी रीत म्हणून विचारलं, तेव्हा मी हात वर केला. एकटीनेच. समोसे आले होते, लोकांना घरी जायची घाई होती, त्यामुळे कारण कुणी विचारलं नाही. पार्किंगमध्ये मात्र एक बाई मला गाठून म्हणाल्या, "वैशाली, तुझं आणि काकांचं काही वाजलं होतं का गं?"

वाजलं नव्हतं. कतारला, दोह्यात इतकी वर्षं काढली, त्यात ज्यांच्याशी माझं मनापासून पटलं अशी माणसं मोजकीच, आणि त्यात ते पहिले. मी हात वर केला तो त्यांच्या वतीने. ते इथे असते तर त्यांनीच केला असता, आणि कुणी ऐकलं नसतं.

रमाकांत सबनीस आमच्याच इमारतीत, अल सद्दला, आमच्या वरच्या मजल्यावर राहत. मुलगा निखिल, सून मंजिरी आणि ते. बायको गेल्यावर ठाण्याचं घर बंद करून मुलाकडे आले होते. आता पुन्हा ठाण्यालाच आहेत. सगळी नोकरी मुंबईत एका बँकेच्या परकीय चलन विभागात झाली. उंच, खांद्यात किंचित वाकलेले, आणि ऑगस्टातसुद्धा पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटण लावलेला. लिफ्टमध्ये भेटले तरी असं वाटायचं की हे आता मीटिंगला निघाले आहेत. निघालेले असायचे ते खालच्या मल्याळी टपरीवर करक प्यायला. तो चहा गोडच असतो हे सगळ्या कतारला माहीत आहे, पण काका रोज नव्याने सांगायचे, "साखर कमी." पोरगा रोज नव्याने मान हलवायचा आणि तोच चहा द्यायचा. काका एक घोट घेऊन म्हणायचे, "बघ, सुधारणा आहे."

त्यांचा एकच विषय होता. दोन महायुद्धांच्या मधली वीस वर्षं, त्या काळात देशोदेशींची चलनं कशी कोसळली, आणि त्या वेळी बाहेरचे बँकर येऊन काय करून गेले. हा विषय ते वाचलेल्या माणसासारखे बोलत नसत, शेजारच्या घरात परवा काहीतरी झालं असावं तसे बोलत. मंजिरी मला म्हणाली होती, "लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, बाबांचे व्हिएन्नात कुणी जवळचे लोक आहेत. पोहे खाता खाता म्हणायचे, त्या बिचाऱ्यांचे फार हाल झाले."

ऑस्ट्रियाची गोष्ट ते अशी सांगत. एकत्र कुटुंबाचं मोठं घर होतं. लढाई हरले, वाटण्या झाल्या. शेतं एकाकडे गेली, कोळसा दुसऱ्याकडे, आणि व्हिएन्नाच्या वाट्याला उरले नुसते कारकून आणि दिवाणखाना. पैसा येणार कुठून? नोटा छापल्या. नोटेला किंमत राहिली नाही. मग बाहेरच्यांनी कर्ज दिलं आणि कर्जाबरोबर एक कमिशनर आणून बसवला. सरकारने कुठे किती खर्च करायचा ते तो बघणार. हजारो नोकरमाणसं घरी गेली. "आणि चलन?" मी विचारलं. मला शेवट आधी लागतो.

"चलन सावरलं ना! उत्तम सावरलं. सगळ्या जगाने कौतुक केलं. तीच तर लाज आहे, वैशाली. नुसतं वाटोळं झालं असतं तर बोलायला सोपं होतं."

लाज हा त्यांचा शब्द होता. इथल्या लोकांना तो भलत्या ठिकाणी ऐकवायचे. आपल्याकडे रुपया घसरला की इथे काय होतं, ते आखातात राहिलेल्याला सांगायला नको. ऑफिसात सकाळी एकमेकांना रेट कळवतात, चेहरे खुलतात, पगार येताच जो तो पैसे पाठवायला धावतो. काकांना याचा भारी राग. "आपल्याच देशाचं नाणं पडतंय, आणि तुम्ही पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवलेत." असाच रुपया चांगलाच घसरला होता त्या दिवशी मी मुलीचे बूट बदलायला मॉलमध्ये गेले, तर एक्स्चेंजच्या काउंटरसमोरच्या रांगेत पूर्ण बाह्यांचा शर्ट.

"काका, तुम्ही?"

"निखिलचं काम आहे."

"निखिल तर ॲपवरून पाठवतो."

ते बोर्डावरच्या आकड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ठाण्याच्या सोसायटीचं वर्षाचं एकदम भरून टाकतो. आता रेट बरा आहे." आणि इतके ओशाळले की मी हसू आवरून दुसरीकडे पाहिलं. स्वतःबद्दल खोटं त्यांना फार वेळ बोलता येत नसे.

या विषयाचं वेड कुठून आलं, ते त्यांनी एकदाच सांगितलं. आपल्या देशाला सोनं परदेशात गहाण ठेवावं लागलं, त्या वर्षी ते फॉरेक्सला होते. बाहेरच्या बँकांनी दिलेली छोट्या मुदतीची कर्जं मुदत संपली की पुढे चालू ठेवावी लागत, आणि त्यासाठी रोज संध्याकाळी परदेशात फोन लावायचं काम यांच्याकडे. "पलीकडचा माणूस अत्यंत सभ्य. कधी आवाज चढवला नाही. कधी नाही म्हणाला नाही. फक्त विचारायचा. तुमच्या सरकारचा अमुक खर्चाबद्दल काय विचार आहे? तमुक सबसिडी अजून चालूच आहे का? मी कोण? साधा ऑफिसर. पण मी घामाघूम होऊन वर कळवायचो, साहेब, ते सबसिडीबद्दल विचारत होते." मग म्हणाले, "त्या दिवसांत कँटीनमध्ये आम्ही एकमेकांकडे बघत नव्हतो."

याच विषयावर ते मंडळात शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, व्याख्यानं देत आणि त्यांची सगळी व्यवस्था माझ्याकडे असे. मी एका बांधकाम कंपनीत खरेदी विभागात आहे. हॉल, खुर्च्या, माइक, चहा अशी कामं मला लोक न विचारता देतात आणि मी न कुरकुरता करते. पहिल्या व्याख्यानाला पाहुणे कमी आणि खुर्च्या जास्त होत्या. पण काका बोलायचे छान. मुंबईहून सोनं बोटी भरभरून लंडनला कसं गेलं, रुपयाचा भाव लंडनने कसा चढा ठरवून टाकला आणि मुंबईचे गिरणीवाले कसे ओरडत राहिले, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मागे मोबाइल बघत बसलेले पुरुषही मान वर करून ऐकू लागले. चौथ्या शुक्रवारी जादा खुर्च्या मागवाव्या लागल्या.

त्याच सुमारास त्यांनी आम्हाला एक खेळ खेळायला लावला. सगळा हॉल म्हणजे एका देशाचं मंत्रिमंडळ. काळ तोच, दोन युद्धांमधला. चलन घसरतंय, तिजोरी रिकामी. अर्थमंत्री केलं संदीप शेलारला. हा मूळचा नाशिककडचा, गॅस प्लांटच्या प्रोजेक्टवर इन्स्ट्रुमेंट सुपरवायझर, मुऐदरला राहणारा. आमचा माइक कायम त्याच्या गाडीतून यायचा. परदेशी बँकर मी. मला बाजूला घेऊन काका म्हणाले, "एक लक्षात ठेव. वाईट वागायचं नाही. वाईट वागलीस तर ते चिडतील, आणि चिडले की एक होतील. तू फक्त काळजीच्या सुरात शंका काढायची. आणि हो लगेच म्हणायचं नाही."

मी तसंच केलं. "निवृत्तांच्या पेन्शनचं काय करताय?" एवढंच म्हटलं. संदीपने पेन्शन कापली. मी म्हटलं, "बरं. आणि शाळा?" मंत्रिमंडळाने आपापसांत भांडून शाळा अर्ध्या केल्या. मी नुसती भुवई वर केली तर दवाखाने गेले. सगळे हसत होते. एकटी संदीपची मुलगी रुचा, अकरावीतली, हात वर करून म्हणाली, "व्हाय कान्ट वी जस्ट से नो?" ती केजीपासून इथलीच, मराठी सगळं समजायचं, उत्तर इंग्रजीतून. लोक आणखी हसले. संदीप म्हणाला, "ए, गप बस, मंत्र्याच्या मधे बोलू नको."

काका मात्र खुर्चीतून उठून तिच्यापर्यंत गेले. "पुन्हा सांग. सगळ्यांना ऐकू दे." तिने पुन्हा सांगितलं. "इतक्या जणांत हे विचारणारी तू पहिलीच," ते म्हणाले. त्यानंतर दर शुक्रवारी रुचा पहिल्या रांगेत. ती वाद घालायची, ते खूश व्हायचे. तिला आर्किटेक्ट व्हायचं होतं. व्हिएन्नात गरीब कामगारांसाठी त्याच काळात बांधलेल्या चाळींचे फोटो काकांनी तिला कुठून कुठून काढून दिले होते.

पुढच्या वर्षी संदीपचा प्रोजेक्ट संपला आणि नोकरी गेली. दुसऱ्या कंपनीचं बोलणं चालू होतं, पण इथे राहायचा परवानाच कंपनीच्या नावावर असतो, ती स्पॉन्सरशिप बदलायला वेळ लागणार होता. तोवर घर चालवायचं कसं? संदीपची बायको कल्पना डबे करायची, तेवढ्यावर भागणारं नव्हतं. रुचाची बारावी नुकतीच सुरू झाली होती. असल्या प्रसंगांसाठीच काकांनी मंडळात आधार निधी उभा केला होता. समितीत ते, मी, आणि मदिनत खलीफा भागात राहणारे एक डॉक्टर, जे कधीच येत नसत.

संदीपला फोन माझ्या डायनिंग टेबलावरून झाला. स्पीकर लावलेला, मी शेजारी भेंडी चिरत होते.

"संदीप, आधी जेवलास का?" काकांनी सुरुवात केली.

"हो काका."

"बरं. गाडी किती?"

"एकच, काका. कल्पनाचे डबे पोचवायला लागते."

"हो हो, असू दे. घर दोन खोल्यांचं ना? त्यातली एखादी कुणाला देता येते का?"

"ती रुचाची आहे, काका. अभ्यासाला..."

"बरोबर, बारावी ना. ती इथेच व्हायला हवी, असं काही आहे का? नाही, मी आपलं विचारतोय."

मग संदीप म्हणाला, "बघतो, काका."

"बघ, बघ. आम्ही पुढच्या आठवड्यात कळवतो तुला."

फोन ठेवून काका मला म्हणाले, "सरळ माणूस आहे. पूर्ण मदत करायची. काही प्रश्नच नाही."

"मग आत्ताच का नाही सांगितलंत?"

"फोनवर हो म्हणायचं नसतं, वैशाली. आमच्या धंद्यात शिस्त होती ती. सगळं विचारून घ्यायचं, दोन दिवस जाऊ द्यायचे, मग कळवायचं." आणि चिरलेली एक भेंडी उचलून म्हणाले, "कोवळी आहे. कुठून आणलीस?"

मला तेव्हा त्यात वावगं काही दिसलं नाही. प्रश्न रास्त होते. खरेदी विभागात मीही रोज तसेच प्रश्न विचारते.

पुढच्या शुक्रवारी सकाळी मी हॉलच्या किल्लीसाठी वर गेले होते. काका निधीच्या होकाराचा निरोप द्यायला फोन शोधत होते, तेवढ्यात संदीपच दारात. हातात कल्पनाने दिलेल्या चकल्यांचा डबा, चेहऱ्यावर आठवड्याचा थकवा आणि काम फत्ते केल्याचं समाधान.

"झालं बघा काका सगळं. रुचाला काल धाडली. माझ्या भावाकडे, नाशिकला. शाळेतून दाखला काढला, व्हिसा कॅन्सल केला. खोलीला माणूस पण मिळाला, साताऱ्याचा ड्रायव्हर आहे. आता काही अडचण नाही ना निधीला?"

काकांना क्षणभर समजलंच नाही. "रुचाला... कुठे धाडली?"

"नाशिकला. तिथे करेल बारावी. रडली जरा. पोरीची जात, रडायचीच. मी म्हटलं, आत्या आहे, काका आहेत, काय वाईट आहे?"

"अरे, पण मी कुठे सांगितलं होतं?"

"सांगितलं नाही काका," संदीप अगदी प्रामाणिकपणे म्हणाला. "पण विचारलं होतंत ना. मी कल्पनाला म्हटलं, एवढा बँकेतला माणूस, उगीच विचारायचा नाही. दोन दिवस वाट बघितली तुमच्या फोनची. मग म्हटलं, चला, आपणच मार्गी लावू."

मी काकांकडे पाहिलं आणि पाहायला नको होतं असं वाटलं. माणूस पडताना दिसला तर हात पुढे करता येतो. हे तसं नव्हतं. ते उभेच होते, नीट, बाह्यांची बटणं लावलेले, आणि कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले होते. संदीपच्या हातातला डबा त्यांनी घेतला, टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला. "निधीचं झालंय," ते म्हणाले. "ते आधीच झालं होतं."

"थँक्यू काका," संदीप म्हणाला आणि वाकून पाया पडला.

त्या संध्याकाळी व्याख्यान होतं, विषय लंडन. रद्द करू या, मी म्हटलं. ते नको म्हणाले. मजूर पक्षाचं सरकार, पौंड घसरतोय, बेकारांच्या भत्त्याला कात्री लावायची की नाही यावर मंत्र्यांत फूट. रविवारची संध्याकाळ, उकाडा, सगळे मंत्री पंतप्रधानांच्या घरामागच्या बागेत येरझारा घालताहेत, कारण कर्ज देणाऱ्या न्यूयॉर्कच्या बँकरांची तार यायची आहे. हे काकांनी नेहमीसारखं रंगवून सांगितलं. लोक पुढे सरकून ऐकत होते. पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर कुणीतरी पर्स ठेवली होती.

"तार आली," काका म्हणाले. "तिच्यात हुकूम नव्हता. बँकरांनी फक्त एवढंच विचारलं होतं, की ही जी कपात तुम्ही म्हणताय, ती तुमच्या मध्यवर्ती बँकेला आणि लंडनच्या पैशाच्या बाजाराला मनापासून मान्य आहे ना? बस्. नुसतं..."

आणि ते थांबले. नुसतं काय, ते वाक्य पुरं झालं नाही. पाणी प्यायले. स्लाइड पुढे नेली, मागे आणली. मग म्हणाले, "आज इथेच थांबू या."

लोकांना वाटलं शुगर उतरली. एकीने बिस्किटं पुढे केली, कुणी एसी वाढवला. माइक आवरणारा संदीप धावत खाली जाऊन लबनची, म्हणजे इथल्या ताकाची, बाटली घेऊन आला आणि झाकण उघडून काकांच्या हातात देत म्हणाला, "घ्या काका, फार दगदग करता तुम्ही." काका ती सगळ्यांसमोर, मुकाट, शेवटपर्यंत प्यायले.

रविवार इथे कामाचा दिवस, मी अर्धा दिवस रजा टाकली आणि त्यांना शाळेत नेलं. काउंटरवरच्या बाईने कॉम्प्युटर बघून सांगितलं, "सर, टीसी इश्यू हो गया है. सीट भी वेटिंगवाले को दे दी." काका हिंदीत, मग इंग्रजीत, मग पुन्हा हिंदीत तेच तेच म्हणत राहिले, की चूक झाली आहे, मुलीची नाही, वडिलांची नाही. बाई चांगली होती. "सर, आप बच्ची के कौन हैं?" तिने विचारलं. बाहेर येऊन मी त्यांना स्पष्ट सांगितलं, की संदीपचीच स्पॉन्सरशिप अधांतरी आहे, तोवर मुलीचा नवा व्हिसा होणार नाही, आणि तो होईल तेव्हा बोर्डाची मुदत गेलेली असेल. खोटी आशा लावणं मला जमत नाही. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, मुऐदरला जाता येईल का. निधीतून इतक्या घरांना मदत झाली, पण त्यांतल्या एकाही घरी ते कधी गेलेले नव्हते.

एका व्हिलाचे भाग पाडून केलेलं ते घर होतं. कल्पनाने दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. ड्रायव्हर रात्रपाळी करून आला होता, रुचाच्या खोलीत झोपला होता. त्यामुळे सगळं बोलणं कुजबुजत झालं. अर्धवट उघड्या दारातून त्याचे पाय आणि दांडीवर वाळत घातलेले दोन शर्ट दिसत होते. कल्पनाने डब्यांची रास बाजूला सारून आम्हाला जागा केली, चहा ठेवला.

"कल्पना, माझी फार मोठी चूक झाली," काका कुजबुजले.

"चूक कसली, काका!" तीही कुजबुजली. "तुम्ही विचारलं नसतंत तर आम्हाला सुचलंच नसतं. खोलीचे पैसे येतात, बसचा खर्च वाचला. तुमच्यामुळे घर सावरलं बघा." आणि चहात साखर कमी घातली आहे, असं मुद्दाम सांगितलं, कुणाकडून तरी ऐकलं होतं तिने.

गाडीत मी म्हटलं, "तुम्ही मागायची तशी माफी मागितलीत. झालं."

"कुणाकडे मागितली? ते मला धन्यवाद देतायत, वैशाली. माफी घ्यायलाच तयार नाहीत." मग खिडकीबाहेर बघत, "आम्हाला कँटीनमध्ये निदान राग तरी यायचा."

नाशिकला त्या वेळी कुठलंच कॉलेज बारावीत मधेच घ्यायला तयार झालं नाही. रुचाचं वर्ष गेलं. पुढच्या जूनमध्ये प्रवेश मिळाला तो कॉमर्सला. काकांनी तिला फोन केले, तिने उचलले नाहीत. निरोप पाठवले, ते वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या. तो काळ त्यांनी कसा काढला, मला माहीत नाही. खालच्या टपरीवर दिसायचे. चहाबद्दल काही बोलत नसत.

मंडळाच्या बैठकीत त्यांनी सगळं मांडलं. यापुढे निधीने कुणाला काही विचारू नये, द्यायचं तर द्यावं, नाही तर नाही म्हणावं, असा नियम करा म्हणाले. सगळे हसले. "काका, तुम्ही फार मनाला लावून घेता. तुमच्या पद्धतीमुळेच तर निधी टिकलाय." तेव्हा त्या न येणाऱ्या डॉक्टरांनी उत्साहाने काकांच्या प्रश्नांचा छापील अर्ज करून टाकला. तो आजही भरून घेतात. मुलांचं शिक्षण कतारमध्येच होणं आवश्यक आहे का, असा त्यात एक रकाना आहे. मी विरोधात हात वर केला तो यासाठी.

संदीपला नोकरी मिळाली, आधीपेक्षा बरी. त्याने निधीचं सगळं परत केलं, ड्रायव्हर गेला, खोली रिकामी झाली. आणि महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात मंडळाने सबनीस काकांचा सत्कार केला. त्यांनी नाही म्हणून पाहिलं. ते विनयाने म्हणताहेत असा सगळ्यांनी अर्थ घेतला. शाल घातली संदीपने. भाषणही त्यानेच केलं. घर बुडत होतं, काकांनी शिस्त लावली, असं त्याने म्हटलं आणि हॉलने उभं राहून टाळ्या वाजवल्या. काका व्यासपीठावर नारळ धरून मान खाली घालून उभे होते. किती साधा माणूस, असं माझ्या शेजारची म्हणाली.

कार्यक्रम संपल्यावर मी खुर्च्यांचा हिशेब चुकता करून पार्किंगमध्ये आले. त्यानंतर पंधरा दिवसांत ते ठाण्याला निघून गेले, मी तेव्हा कामासाठी मस्कतला होते, त्यामुळे त्यांना पाहिलं ते शेवटचं. दिव्याच्या खांबाखाली संदीप आणि ते उभे होते. उकाडा होता, तरी शाल अंगावर होती. घालणाऱ्यासमोर काढायची कशी? संदीपने व्हिडिओ कॉल लावला होता. "रुचा, बघ कोण आहे! काकांना नमस्कार कर." आणि फोन काकांच्या हातात देऊन तो गाडी आणायला गेला.

"हाय अंकल," रुचा म्हणाली. केस कापले होते, ओळखू येईना.

"कशी आहेस, बेटा?"

"फाइन."

"रुचा, ऐक जरा. मला तुला..."

"वन मिनिट हं," ती म्हणाली आणि फोन कुठेतरी ठेवून दिला.

पडद्यावर छत दिसत होतं आणि फिरणारा पंखा. मागे कुणाच्या तरी टीव्हीचा आवाज, कुकरची शिट्टी. काकांनी नारळ काखेत दाबला आणि फोन दोन्ही हातांनी धरला. मी थोडा वेळ थांबले. मग म्हटलं, "काका, ठेवा आता. ती येत नाही."

"येईल," ते म्हणाले. "तिने एक मिनिट म्हटलंय."

माझ्या मागे कुणीतरी हॉर्न द्यायला लागलं होतं. मी गाडी काढली. आरशात ते दिसत राहिले, शाल पांघरलेले, पंख्याकडे बघत.